भूमातेचे केस

नारळ, हळदकुंकू आणि रिकामं सूप घेऊन विश्वजित शिंत्रे अनशी आत्तीच्या अंगणात शिरला, तेव्हा मी तिच्या परड्याच्या कुंपणाला काटी लावत होतो. अंगात खादीचा झब्बा, पायांत कोल्हापुरी, गळ्यात कसल्याशा बियांची माळ. मागून कॅमेरा खांद्यावर घेतलेला एकजण. ती माळ बघूनच माझं डोकं फिरलं. पण माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही, हे गावाला माहीत आहे.

"आत्ती, बी मागायला आलोय," विश्वजित म्हणाला आणि त्यानं सूप दोन्ही हातांत धरून पुढं केलं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. उंबऱ्यात बसून ती शेंगा फोडत होती. सूप बघितल्याबरोबर तिनं डोक्यावर पदर घेतला आणि उठून उभी राहिली. देव्हाऱ्यासमोर उभी राहावी तशी.

आमच्या हेळेवाडीत सूप घेऊन आलेल्याला नाही म्हणत नाहीत. कशाला हवं, हेही विचारत नाहीत. सूप आलं म्हणजे पेरायला बी हवंय, त्यात विचारायचं काय? हळदकुंकू लावून द्यायचं, आणि पीक आलं की त्याच सुपातून थोडं चढतं माप परत घ्यायचं. हेळेवाडीतल्या जुन्या भातांची वाणं अशीच ह्या घरातून त्या घरात फिरत राहिली. नंतर पिशवीतलं बियाणं आलं, सुपं अडगळीत गेली, आणि मागायला येणारेही संपले.

आत्तीकडं एक वाण अजून होतं. काजळी. वरकस, उताराच्या जमिनीतलं भात, टरफल काजळासारखं काळं. शिजायला लागलं की वास चार घरं ओलांडून जायचा. दुसऱ्या कुणाकडं ते उरलं नव्हतं. आत्तीही टेकाडावरच्या एवढ्याशा तुकड्यात दरसाल लावायची, ती खाण्यासाठी नाही, वाण मोडू नये म्हणून. त्या साली गवे शिरले आणि उभं पीक तुडवून गेले. जे हाताला लागलं ते सगळं तिनं बियाला ठेवलं. तोंडात घालायला एक शीतसुद्धा शिजवलं नाही.

ते बी एका मुडीत होतं. मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्यात गच्च आवळून बांधलेला गोळा. चुलीवरच्या माळ्यात, धुरात टांगून ठेवायचा, म्हणजे कीड लागत नाही. आणि मुडी अर्धी कधी देत नाहीत. एकदा सोडली की त्याच हंगामात सगळी पेरायची. द्यायची तर अख्खी.

आत्ती आत गेली आणि ती काळवंडलेली मुडी घेऊन आली. हळदकुंकू लावलं, सुपात ठेवली आणि वाकून सुपाला नमस्कार केला.

"एकदा परत करता का, आत्ती?" कॅमेरावाला म्हणाला. "उजेड कमी होता."

आत्तीनं परत नमस्कार केला.

"तुमचं भात आम्हाला जपायचंय," विश्वजित म्हणाला. "महोत्सवात सगळ्या गावासमोर तुमचा सत्कार करणार आहे."

"माझा कशाला बाबा," आत्ती म्हणाली. "भाताचा कर."

ते दोघं गेल्यावर मी काटी टाकून तिच्याजवळ गेलो. "आत्ती, सगळी दिलीस?"

"मुडी अर्धी देत्यात व्हय रं?"

"अगं, पण त्याचं शेत कुठाय? डोंगरावर नुसत्या खोल्या बांधल्यात. पुण्या-मुंबईची माणसं येऊन चिखलात लोळत्यात तिथं."

"मग लोकास्नी वाटंल. एवढी मोठी संस्था हाय त्येची. घरटी मूठभर दिलं तरी साऱ्या टेकाडावर काजळी हुईल." तिच्या सुरकुतल्या तोंडावर असं हसू मी कधी बघितलं नव्हतं. "माझ्यामागं ह्या भाताला कोण, असं वाटायचं बघ. आता मी डोळं मिटाय मोकळी."

"त्या माळवाल्यावर माझा इस्वास न्हाई."

"निवऱ्या, तोंड आवर," आत्ती म्हणाली. हे ती मला दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. माझं नाव निवृत्ती, पण ते फक्त रेशनकार्डावर.

विश्वजितबद्दल सांगायला हवं. तो आमच्याच गावचा. बरीच वर्षं पुण्यात काढली आणि मग एकाएकी त्याला मातीची ओढ लागली. डोंगरावर 'मातीघर' बांधलं आणि 'मूळ-माती प्रतिष्ठान' काढलं. 'गावाचं खा, गावातलं पेरा' असं जिथं तिथं लिहून ठेवलं. वाक्य चांगलंच आहे, माझी त्याला हरकत नाही. पण माझा धंदा मांडव आणि लाऊडस्पीकरचा. लग्न असो, बारसं असो, पुढाऱ्याची सभा असो, मी स्टेजच्या मागं असतो. पुढून जे दिसतं ते तुम्ही बघता, मागं काय चालतं ते मी बघतो. माणूस अशानं नासतो, पण फसत नाही.

महोत्सवाच्या आधी आत्ती घरोघर फिरली. शेवंता, पारू, खालच्या आळीतली सगळी. "वाफा तयार ठेवा गं," म्हणायची. "रोहिणीला काजळी टाकायची हाय. बी मिळणार हाय तुम्हास्नी." बायका हसायच्या, तरी दोघीतिघींनी खरंच कोपऱ्यातली जागा पाला जाळून भाजून ठेवली. ज्यांच्याकडं पूर्वी काजळी होती आणि ज्यांनी ती घालवली, त्या घरांत तर आत्ती जरा ताठ्यानंच बसायची.

महोत्सव शाळेच्या मैदानावर होता. मी मांडव आदल्या दिवशीच ठोकला होता. सकाळी जाऊन बघतो तर काय, प्रवेशद्वारावर 'प्लॅस्टिकमुक्त महोत्सव' असा लांबलचक फ्लेक्स. तो फ्लेक्स प्लॅस्टिकचा नाही तर काय केळीच्या पानाचा होता? पत्रावळ्या बाहेरच्या गाडीतून आल्या, त्याही प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. आमच्या रानात पळसाची झाडं वाऱ्यावर पानं हलवत उभी. स्टेजमागं पाण्याच्या बाटल्यांची खोकी लपवून, वर गोणपाट टाकलेलं. बायकांना सांगितलं होतं, नऊवारी नेसून या, नथ घाला. आमच्या शेवंतानं आयुष्यात नथ घातली नव्हती. ती बिचारी चिमट्याची नथ नाकाला लावून चुलीसमोर बसली होती आणि शहरातली माणसं तिच्या भाकरीचे नव्हे, नाकाचे फोटो काढत होती. शेजारच्या टेबलावर नाचणीचा पिझ्झा. माझ्या आजीनं नाचणीच्या आंबिलीवर जन्म काढला, तिला तो पिझ्झा दाखवला असता तर तिनं म्हशीपुढं ठेवला असता. म्हशीनं खाल्ला असता असं मात्र सांगवत नाही.

हे सगळं मी गिळलं. धंदा आहे, गिळावं लागतं.

मग स्टेजच्या मागं खांबाला सुतळी आवळताना व्हार्निशचा वास आला.

भिंतीला टेकवून एक भलामोठा प्लायवूड उभा केला होता आणि कोल्हापूरहून आलेला एक चित्रकार त्यावर यंत्रानं फवारत होता. त्या यंत्राची वायर माझ्याच जनरेटरला. चित्र एका बाईचं होतं. चेहरा वरीचा, लुगडं हिरव्या मुगांचं, काठ तांबड्या चवळीचा. आणि केस लांब, मोकळे, खांद्यावरून थेट खालच्या कडेपर्यंत सोडलेले. काळेभोर.

"मामा, जरा बाजूला व्हा, अंगावर उडेल," चित्रकार म्हणाला.

"कोण ही?"

"भूमाता. संपूर्ण देशी बियाण्यातली आहे. कुठंही रंग वापरलेला नाही."

"केस कशाचे?"

"काळं भात. हे इथलंच आहे म्हणे, गावातल्याच एका आजींनी दिलं. डिंक लावून एकेक दाणा बसवलाय, मान मोडली माझी." पोरगा वाईट नव्हता. कामाचा अभिमान होता त्याला.

"आणि उरलेलं भात कुठाय?"

"उरलं कुठं? कमीच पडलं. भुवयांना शेवटी तीळ वापरले."

मी हातातली सुतळी टाकली. जेवणात केस निघाल्यावर घास टाकावा तशी. मी त्या केसांकडं बघत राहिलो. व्हार्निशचा थर अजून ओला होता आणि एकेक दाणा झुरळाच्या पाठीसारखा चमकत होता.

मी विश्वजितला शोधून काढलं. तो झब्ब्यावर बिल्ला लावत होता. मी म्हणालो, "दादा, ते आत्तीचं बी होतं. पेरायचं होतं. तुम्ही सूप घेऊन गेला होता."

"हो ना! सुपाचा प्रसंग काय सुंदर आलाय कॅमेऱ्यात. बघितलास का तू?"

"तिच्याकडं दुसरं न्हाई. कुणाकडंच न्हाई. ते वाण मेलं, दादा."

विश्वजितनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो. मऊ होता आणि त्याला अत्तराचा वास होता.

"निवृत्ती, तू शब्दशः घेतोयस. टेकाडावरच्या तुकड्यात ते कुणाला दिसत होतं? आता हजारो लोक बघतील, जागृती होईल. अरे, मेलं कसलं? आता ते अमर झालं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती माझी तेव्हा गेली. पण तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली आणि तो हात जोडत पळाला.

आत्ती पुढच्याच रांगेत बसली होती. ठेवणीतलं इरकल नेसली होती, आणि मांडीवर घरचं सूप. घरटी बी वाटताना लागेल म्हणून तिनं आणलं होतं. मी तिच्यापाशी खाली बसलो.

"आत्ती, घरला चल. त्यांनी तुझं भात फळीला चिकटवलंय."

"काय केलंय?"

"चित्र केलंय बाईचं. तिचे केस केलेत काजळीचे. वरनं व्हार्निश मारलंय."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. "सकाळी सकाळी घेऊन आलाईस काय रं? बी कोण चिकटवतंय? बी काय पोस्टाचं तिकीट हाय?"

"देवाशपथ."

"निवऱ्या, तोंड आवर. लोक बघाय लागल्यात."

तिला ते समजेना, कारण तसं असू शकतं हेच तिला ठाऊक नव्हतं. सूप घेऊन येऊन माणूस खोटं वागेल, हे तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं. तिच्या आईलाही कुणी शिकवलं नसणार.

भाषणं झाली. मी माइकच्या मशीनपाशी बसून होतो. मग चित्रावरचा पडदा ओढला आणि माणसं 'अहाहा' म्हणाली. शहरातल्यांनी फोन वर केले. आमच्या गावातल्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या. त्यांचं काय चुकलं? चित्र खरंच देखणं होतं.

"आणि ह्या भूमातेला ज्यांनी आपलं सर्वस्व अर्पण केलं," विश्वजित माइकवर म्हणाला, "त्या आमच्या बीजमाता, अनुसया आत्ती!"

आत्ती सूप घेऊनच स्टेजवर चढली. पाहुण्यांनी शाल घातली, काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलं. आत्तीनं ते सुपात ठेवलं आणि इकडंतिकडं बघायला लागली. पोती कुठं दिसतायत का, मुडी कुठं दिसते का. मुडी होती. तिचा सोडलेला पेंढा स्टेजच्या कोपऱ्यात शोभेला टांगला होता, रिकामा.

"बी कुठाय, बाबा?" तिनं विश्वजितला विचारलं. माइक जवळ होता, सगळ्या मैदानाला ऐकू आलं.

"ते काय, आत्ती! तुमच्यासमोरच," विश्वजितनं चित्राकडं हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्ती चित्रापाशी गेली. केसांवरून तिनं हात फिरवला, हळू, लेकीच्या केसांवरून फिरवतात तसा. मग थांबली. बोटं एकमेकांवर चोळून बघितली. नखानं खरवडून दहावीस दाणे मुठीत घेतले, आणि त्यातला एक तोंडात टाकून दाढेखाली धरला. भात वाळलं की नाही, बी धड आहे की नाही, हे आमच्याकडं असंच बघतात. कट्ट असा आवाज आला पाहिजे आणि दुधाळ चव जिभेवर आली पाहिजे.

तिचं तोंड वाकडं झालं. ती स्टेजच्या कडेपर्यंत गेली आणि थुंकली. एकदा, मग पुन्हा. पदरानं जीभ पुसली आणि तिसऱ्यांदा थुंकली. पाहुणे खुर्चीत मागं सरकले.

मला वाटलं, आता तरी ह्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागेल. पण विश्वजितनं डोळे मिटून घेतले आणि माइकवर म्हणाला, "आत्ती भावुक झाल्या आहेत. मित्रहो, मातीशी नातं असणारी माणसं अशीच असतात. जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या.

मी मशीनची वायर उपटली. त्याचं तोंड हलत राहिलं, आवाज मात्र मैदानापर्यंत पोचेना. त्या महोत्सवात मला बरं वाटलं असा तेवढाच एक क्षण. मग मी स्टेजवर चढलो, कोपऱ्यातला पेंढा काढला आणि आत्तीला घेऊन घरी गेलो.

पेंढा आम्ही काडी काडी सोडून बघितला. दाणा नव्हता. झटकून घेतला होता त्यांनी, व्यवस्थित. मुठीत आणलेल्या दाण्यांपैकी थोडे आत्तीनं वाटीत भिजत घातले. पाण्यावर तवंग आला आणि घरभर रॉकेलसारखी घाण सुटली. मोड काही आला नाही. ते पाणी तिनं परड्यातल्या झाडांनाही घातलं नाही, लांब नाल्याकडं नेऊन ओतलं. उरलेले दाणे तिनं कुंकवाच्या करंड्यात ठेवले. शाल माझ्या बायकोला दिली, मानपत्र चुलीमागं उभं केलं.

त्या रोहिणीला आत्तीनं टेकाडावरचा तुकडा पडीक ठेवला. शेवंता म्हणाली, "दुसरं काय तरी टाक की." आत्ती म्हणाली, "त्या जाग्यात दुसरं न्हाई." गावात मात्र तेवढीच गोष्ट उरली. अनशी म्हातारी पाहुण्यांसमोर थुंकली. शाल घातली आणि थुंकली. काय ही रीत! जे नाचणीचा पिझ्झा खाऊन पोट बिघडवून आले होते, तेसुद्धा रीत शिकवायला लागले.

वर्ष गेलं. पुन्हा वैशाख आला. मी आत्तीच्या अंगणात नळाची तोटी बदलत होतो. फाटक वाजलं. बघतो तर नारळ, हळदकुंकू आणि रिकामं सूप. ह्या खेपेला विश्वजित एकटाच होता, कॅमेरावाला मागून गाडीतून येतोय म्हणाला.

"आत्ती, बी मागायला आलोय. गेल्या वर्षीचं चित्र पाहुण्यांना इतकं आवडलं, त्यांच्या ऑफिसातच लावलंय त्यांनी. ह्या वर्षी त्याहून मोठं करायचंय."

मी पाना हातात घेऊन उभा राहिलो. आता आत्ती ह्याला धुवून काढणार, मला वाटलं. नाही तर मी होतोच.

पण आत्तीनं सूप बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तो तिनं सुपात उपडा केला. कुंकू पडलं आणि कुंकवात माखलेले ते चमकणारे काळे दाणे पडले, चिमूटभरसुद्धा नव्हते. तिनं त्यांना हळद लावली आणि वाकून सुपाला नमस्कार केला.

"घे," ती म्हणाली. "अख्खी मुडी हाय. आमच्यात अर्धी देत न्हाईत."

तिचा आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. मला वाटलं, दगडालाही हे लागेल. मी विश्वजितच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं वाकून सुपात बघितलं. बोटानं दाणे इकडून तिकडं केले आणि हिशेब करणाऱ्या माणसासारखे ओठ मुडपले.

"एवढ्यात तर भुवयासुद्धा व्हायच्या नाहीत, आत्ती," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडं असेल का?"

आता ह्याला पुष्कळ वर्षं झाली. आत्ती राहिली नाही, आणि काजळीचा वास कसा होता हे माझ्या नातवंडांना सांगायला मला शब्द सापडत नाहीत. ती स्टेजवर थुंकली हे गावात अजून सांगतात. विश्वजितचं ते वाक्य ऐकून मी थुंकलो ते कुणी सांगत नाही, कारण कॅमेरा अजून वाटेत होता. मी सुपात थुंकलो नाही. सूप लक्ष्मी असते. नेम धरून त्याच्या झब्ब्यावर थुंकलो, बियांच्या त्या माळेच्या बरोबर खाली.

आणि त्या दिवशी आत्ती मला 'निवऱ्या, तोंड आवर' म्हणाली नाही.